पांढऱ्या सदऱ्याची अट

मी, भाईदास वना बिऱ्हाडे, वय एक्कावन्न, फौजेतून निवृत्त हवालदार, राहणार मेहरूण, जळगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व राजीखुशीने लिहीत आहे. छातीचे दुखणे आहे, पण डोके ठिकाणावर आहे. पाय मात्र ठिकाणावर नाहीत. मधूनमधून उठून मुलगा आधार घरी आला का, ते पाहून येतो.

राहते घर पत्नी द्रौपदाबाई हिला. तिच्या हयातीत ते कोणी विकू वा गहाण टाकू नये. मुलगी मंदाबाई हिला माझी सायकल. ती जावयाने पळवू नये, मंदानेच चालवावी.

आता मुलगा आधार. हा सगळा खटाटोप त्याच्यासाठीच. हल्ली तो कमरेला रामपुरी सुरी बाळगतो. रतिलाल कटलरीवाल्याने ती त्याला गल्ल्याखालून काढून दिली. सबब रतिलालने माझ्या प्रेताला खांदा देऊ नये. हार आणल्यास परत करावा.

मी जाब विचारला तेव्हा आधार म्हणाला, "हाई फक्त धाक दखाडाले शे, बाबा. मी कोनले मारसू थोडंच?"

मी म्हटले, "रामपुरी दिसनी का समोरना बी सुरी काढस."

तो हसला.

पलटणीत मी हाच सुऱ्याचा विषय शिकवला; जवान मला उस्ताद म्हणत. पासष्टच्या लढाईत उसाच्या शेतात बंदूक फिरवायला जागा उरली नाही, म्हणून सुरा काढला. समोरचा मेला, मी वाचलो. लोक त्याला शौर्य म्हणतात, म्हणोत बापडे. इतक्या जवळून आलेला सुरा अडवायला हातच मध्ये घालावा लागतो, आणि तो कापला जातो. माझ्या डाव्या हाताची बोटे आजही मिटत नाहीत. दुसरे काहीच हाती नसेल तेव्हा काढायची ही वस्तू, मिरवायची नव्हे.

शिकवताना आम्ही लाकडी सुऱ्याला काजळी फासत असू. झटापट संपली की नवे जवान समोरच्याच्या बनियनवरचे डाग पाहून खूश होत. मी त्यांना मान खाली घालून स्वतःच्या छातीकडे पाहायला लावी.

माझा लढाईतला सुरा आधारला हवा आहे. तो एका अटीवर मिळेल. मी गेल्यावर, दिवसाउजेडी, अंगणात त्याने पांढरा सदरा घालून उभे राहावे. त्याने व मंदाने काजळी फासलेले लाकडी सुरे घेऊन झटापट करावी. मंदाला मी लहानपणीच शिकवले आहे. भाऊ म्हणून तिने हात आखडू नये. सदरा कोरा राहिला तर सुरा त्याचा. डाग पडला तर सुरा आणि रामपुरी दोन्ही त्याने स्वतः लोहाराच्या भट्टीत टाकावीत. सदरा आईकडे धुवायला देऊ नये. कोरा राहिलेला सदरा मी आजवर पाहिलेला नाही, माझाही नाही. एवढे वाक्य त्याला आधी वाचून दाखवू नये.

मसुदा पाहून वकीलसाहेब म्हणाले, "भाऊ, मुलगा तुमच्याआधी गेला तर त्याचा हिस्सा कोणाला, तेही लिहा. कायद्याला लागतं."

दोनदा लेखणी टेकवली. ते कलम मी लिहिणार नाही. जागा कोरी सोडली आहे.

(सही) भाईदास वना बिऱ्हाडे
मुक्काम जळगाव, दिनांक ९ मार्च १९७३

भाईदास यांनी वरील सही आम्हा दोघांदेखत केली.
१. (सही) तोताराम हरी सपकाळे, मेहरूण
२. (सही) केवलचंद हस्तीमल छाजेड, किराणा दुकानदार, जळगाव