मालिनीबाईंचा खांदा

मंगळवार, परळ

अजून राग गेलेला नाही. मालिनीबाई तीन वेळा माझ्याकडे खांद्याच्या व्यायामाला आल्या नाहीत, म्हणून आज इस्पितळातून थेट काळाचौकीला त्यांच्या चाळीत गेले. पाहते तर हात पुन्हा गळ्यातल्या झोळीत! संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात पळापळ झाली, त्यात पडून त्यांचा खांदा निखळला होता. तो बसवला, पण महिनाभर झोळीत राहून सांधा आखडला. भिंतीवर बोटं चढवायला लावून मी तो हात कसाबसा कानापर्यंत आणला होता. आणि आता पुन्हा झोळी!

नवऱ्यानं बांधली म्हणे. गिरणीत विणकर आहे. मलाच विचारतो, "बाई, भिंतीर बोटां चालवून दुखणां जाता काय? उलट ती रडतच घराक येता."

"रडतात, पण हात वर जातो! झोळीत ठेवलात तर कायमचा आखडेल," मी ओरडलेच. शेजारी जमले. जमू देत.

मालिनीबाईंनी झोळी सोडली आणि भिंतीवर बोटं चढवू लागल्या. खांद्याशी थांबल्या, ओठ चावला, मग आणखी वर.

त्या नवऱ्यावर मी एवढं का ओरडले? महिनाभराची झोळी तर आमच्याच डॉक्टरांनी सांगितली होती. त्यांना कोण ओरडणार?

निघताना नवरा जिन्यापर्यंत आला. हळूच म्हणाला, "बाई, माजी कंबर सकाळी सरळ होणा नाय. वर्सां झाली. तेका काय उपाय आसा?"

"गुरुवारी दोघंही या," म्हटलं. तेही रागातच.