लाल बटणावरची चिकटपट्टी

भाईंदर पश्चिम,
रविवार, १९ जानेवारी २०२५

प्रिय यत्या,

ताईचा आशीर्वाद. तिकडच्या थंडीत कानटोपी घालतोस ना, की अजून हिरोगिरी चालूच आहे?

आम्ही ठीक. बाबांची शुगर आटोक्यात आहे. पंप बिघडलाय आणि सोसायटीवाले मीटिंग मीटिंग खेळतायत. पत्र का लिहितेय, असं वाटेल तुला. फोनवर मी रडायला लागेन आणि तू मला गप्प करत बसशील, म्हणून.

आईच्या वर्षश्राद्धाला तुला रजा मिळाली नाही, म्हणून त्या सकाळी तू डब्यावर निरोप पाठवलास. बाबांनी ऐकला का, काही बोलत का नाहीत, असं सारखं विचारतोयस. ऐकला रे. रोज ऐकतात.

तो डबा तू आईसाठी बनवलास. तिला मोबाइल कधी धड जमला नाही, म्हणून दोनच बटणं. लाल दाबून बोलायचं, हिरवं दाबून ऐकायचं. भाजीला निघाली की फ्रिजवरच्या डब्यात बोलून जायची. परदेशी जाताना, तिकडूनही निरोप टाकता यावा म्हणून, तू तो वायफायला जोडलास, तेव्हा मला समजावलं होतंस, "ताई, चिप शेंगदाण्याएवढी, तिच्यात मेमरी चिमूटभर. आपल्या फ्रिजसारखं आहे. मोठं पातेलं ठेवायचं तर आधीच्या वाट्या काढायच्या. सगळ्यात जुनी आधी." मी म्हटलं, "बरं बाबा, शहाणा आहेस."

आई गेल्यावर बाबांनी लाल बटणावर चिकटपट्टी लावली. कुणी बोलायचं नाही. आत तिचे निरोप होते ना, दोन-चार शब्दांचे. "अहो, गॅस बंद करा." "एव्हलिन आली तर बोंबील घ्या, घासाघीस नको." संध्याकाळी चहा घेऊन बसायचे आणि हिरवं बटण दाबायचे. वरून चिकटपट्टी आहे म्हटल्यावर मीही निर्धास्त. वायफायचं डोक्यातच आलं नाही.

यत्या, तुझा निरोप फार लांब होता. किती रडलायस त्यात.

त्याला जागा करायला डब्याने आईचे सगळे निरोप काढून टाकले. एकही उरला नाही. वर्षभरात फोनवर उतरवून घ्यायचं आमच्यापैकी एकालाही सुचू नये, काय म्हणावं!

बाबा कितीतरी वेळ हिरवं बटण दाबत राहिले. मग म्हणाले, "पोराला सांगू नकोस. हाय खाईल तो." परवा एव्हलिन पालीहून बोंबील घेऊन आली. जाताना मला म्हणते, "बाय, तुझ्या बाबानं भावच न्हाय केला. बरा हाय ना?" मला स्वयंपाकघरात पळावं लागलं.

तुला कळू द्यायचं नव्हतं. पण काल म्हणालास, बाबांसाठी अजून एक निरोप टाकतो. नको टाकूस, राजा. त्या रडण्यात मध्येच तू आईची नक्कल केलीयस. तसाच हेल काढून, "यत्याऽ, दूध उतू जातंय रे!" बाबा रोज तिथपर्यंत ऐकतात आणि डोळे पुसतात. तेवढं मी आता फोनवर घेतलंय, पण त्यांना डबाच लागतो.

तुझी चूक नाही. तुझ्यावर राग नाही कुणाचा. पण आता आमच्याकडे आई तेवढीच आहे, तुझ्या आवाजातली. ती पुसू नकोस.

बाबांशी बोलायचं असेल तेव्हा घरी ये.

तुझी,
मिनलताई