अब्बांचा बंब काढल्याची हकीकत

रत्नागिरी, २ फेब्रुवारी

आदरणीय तहाभाई,

अस्सलामु अलैकुम. आम्ही इथे सुखरूप आहोत, कुवेतला तुम्ही सगळेही तसेच असाल. तुमचा गुडघा कसा आहे? भाभींची साखर? (भाभी खजूर खात नाहीत असं सांगतात, ते मी ऐकून घेतो.) फोन हाताशी असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही मला दुसऱ्याच वाक्याला थांबवता. कागदाला थांबवता येत नाही. आमचे जावई, आफरीनचे यजमान, रजा संपवून तिकडे निघालेत, त्यांच्या हाती हे देतो.

तर आपल्या न्हाणीघरातला अब्बांचा तांब्याचा बंब मी काढला आणि पाणी तापवायला सोलर बसवला. एवढंच सांगायचं होतं, पण एवढ्यावर तुम्ही भागवून घेणार नाही.

पावसाळा संपल्यापासून मासूमाला खोकला लागला. काढा झाला, मध झाला, शेवटी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, घरात चूल आहे का. ती म्हणाली, गॅस आहे. मीही मान हलवली. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मग काकींच्या ओढणीला धुराचा वास कुठला?" मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागलो. (ते औषधाच्या कंपनीचं होतं, वाचण्यासारखं त्यात काही नव्हतं.) तहाभाई, एकतीस वर्षं पहाटे फजरच्या नमाजानंतर नारळाची सोडणं आणि करवंट्या घालून तो बंब तिने पेटवला, आणि मी आंघोळ करून बाहेर आलो की येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचो, बंबाच्या पाण्याची सर कशालाच नाही. आमचा रेहान दर सुट्टीत सोलरचा विषय काढायचा, आणि मी अब्बांचं नाव पुढे करायचो. अब्बांनी स्वतः तो बंब कधी पेटवलेला तुम्हाला आठवत असेल तर कळवा. मला तरी फुंकणी घेऊन बसलेली अम्मीच आठवते.

मिरजोळ्याहून सोलर बसवणारा निलेश आला. त्याने आपल्या कौलांकडे बघितलं, वर आलेल्या आंब्याकडे बघितलं आणि म्हणाला, "काका, ह्या कौलांवर चढलो तर टाकीच्या आधी मीच खाली येईन हां." त्याला दिवसभर उन्हात असलेली सपाट स्लॅब हवी होती. ती सोय झाली. (कशी, ते पुढे.)

बंब उचलायला निलेश आणि मी आत गेलो, तर तो दारातून जाईना. तेव्हा आठवलं, की न्हाणीघराला दार अब्बांनी बंब आत ठेवल्यावर बसवलं होतं. बंब तिरका केला, मग आडवा केला. आडवा केल्यावर उरलेलं पाणी आणि राख माझ्या लुंगीवर आली. मासूमा पडवीतून म्हणाली, "दार काढा ना. बंबापेक्षा हलकं आहे ते." दार चौकटीसकट काढलं, चौकटीबरोबर थोडी भिंतही आली. गवंडी आणि सुतार एका दिवशी मिळायला तीन आठवडे गेले. तोवर गॅसवर पातेल्यात पाणी तापवलं, दाराला पडदा लावला, आणि आत असेल त्याने मोठ्याने काहीतरी म्हणत राहायचं असा नियम केला. मी पाढे म्हणायचो. एकोणतीसचा अजून येत नाही.

सोलर सुरू झाला त्या सकाळी मी बंबाच्याच सवयीने पहिला तांब्या थेट पाठीवर घेतला. बंबाचा पहिला तांब्या कोमट असायचा. हा नव्हता. मी टॉवेल धरून अंगणात आलो. मासूमा कपडे वाळत घालत होती, ती हसायला लागली आणि पायरीवर बसेपर्यंत हसली. हसली की तिला ढास लागते, म्हणून मी पाठ भाजलेली असताना उभ्या उभ्या ढासेची वाट बघत राहिलो. ती आली नाही. तिच्याही ते लक्षात आलं असावं. मग ती म्हणाली, "बसा, खोबरेल लावते."

भाभींना सलाम, मुलांना दुआ.

तुमचा धाकटा भाऊ,
हमीद

ता. क. : ती स्लॅब तुमची. शेजारच्या तुमच्या घराची किल्ली तुम्ही कुंड्यांना पाणी घालायला माझ्याकडे ठेवली होतीत. टाकी तुमच्या गच्चीवर आहे आणि पाइप जिन्याच्या खिडकीतून बाहेर काढला आहे (एक काच काढावी लागली, ती जपून ठेवली आहे). आधी विचारायला हवं होतं. नाही म्हणाल या भीतीने विचारलं नाही. हरकत नसल्याचं एका ओळीत कळवावं.

ता. क. २ : मासूमाने हे आत्ता वाचलं. ती म्हणते, भाभींना तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, आणि सोलरच्या नळ्यांचं तोंड दक्षिणेला ठेव हे निलेशला तुम्ही स्वतः फोन करून सांगितलंत. मला कोणी काही सांगितलं नाही. वरची विनंती रद्द समजावी.

ता. क. ३ : हे तिला न दाखवता लिहितोय. बंब तांबट घेऊन गेला, असं मी घरात सांगितलंय. तो तुमच्या दिवाणखान्यात, सोफ्याच्या मागे, चादर पांघरून उभा आहे. भाभींना हे ठाऊक नाही. मे महिन्यात याल तेव्हा त्यांना रिक्षातच बसवून ठेवा आणि दार आधी तुम्ही उघडा.