नेरचा तो तास

यवतमाळ, डिसेंबर २००६

प्रिय प्रियंका,

मुलगा गेल्यावर मावशींनी जेवण सोडलं होतं, आता थोडं तरी जेवतात का? इथं राजदीपच्या खुर्चीवर अजून कुणी बसत नाही. संगणकातून तुझ्या भावाचं नाव काढून टाक, असं साहेबांनी सांगितलंय, पण माझा हात धजत नाही. परवा जुन्या नोंदी चाळताना पडद्यावर ते नाव आलं आणि मी दाराकडे वळून पाहिलं.

जिल्ह्यातल्या मोबाइल टॉवरांवर आमचे दोन संगणक नजर ठेवतात, एक इथं आणि एक नेरला. इथला बंद पडला की नेरचा काम हाती घेतो. त्या दिवशी तसंच झालं, म्हणून राजदीप नेरला गेला. काम उरकून परतताना गावाबाहेरच त्याची मोटारसायकल घसरली. तिथले शेतकरी देवराव ट्रॅक्टरमध्ये कापूस घेऊन बाजारात चालले होते, त्यांनीच त्याला दवाखान्यात नेलं.

पण नेरच्या संगणकातल्या नोंदीप्रमाणे तो दवाखान्यात पोचण्याच्या तासभर आधीच काम बंद करून निघाला होता. मग मधला तास? यंदा भाव पडलेला, आणखी पडेल म्हणून देवरावांनी आधी कापूस विकला आणि मग पोराला उचललं, असं लोक बोलू लागले. मावशींनी त्यांना दारातून परत पाठवलं. मला ते रस्त्यात भेटले, तेव्हा म्हणाले, "पोरी, मी खोटं कायले बोलू? दिसला तसाच उचलला त्याले. डोकं माह्या मांडीवर होतं." मी तशीच पुढं निघाले. तो तास माझ्या मनात रोज घडायचा, राजदीप मातीत पडलेला आणि पाणी मागणारा.

काल फुलसावंगीचा टॉवर बंद पडला. दोन्ही संगणकांनी नोंद केली, पण नेरच्या नोंदीत तासभर आधीची वेळ होती. दोघांची घड्याळं जुळवणारी जोडणी तिकडे तुटलेली आहे. मग अपघाताआधीच्या, इथला संगणक चालू असतानाच्या दोन्हीकडच्या नोंदी मी ताडून पाहिल्या. त्या दिवशीही नेरचं घड्याळ तेवढंच मागं होतं. राजदीप उशिराच निघाला होता, प्रियंका. तो तास नव्हताच.

राजदीप आणि मी संक्रांतीला तुमच्याकडे येऊन काय सांगणार होतो, ते तू ओळखलं असशील. मावशींना ते आत्ता सांगू नकोस. देवरावांचा ट्रॅक्टर आता कुणी भाड्यानं घेत नाही. रविवारी मी त्यांच्याकडे हात जोडायला जाणार आहे. मावशींना घेऊन तूही ये. त्या नाही म्हणाल्या, तर एवढंच सांग, की तो एकटा पडून राहिला नव्हता. मीही स्वतःला रोज हेच सांगते, तरी पाणी प्यायला भांडं उचललं की हात थांबतो.

तुझीच,
भैरवी