हो म्हणायला हललेली मान

प्रिय दीपालीचे बाबा,

तुमचं नाव लिहायला हात अजून धजत नाही, म्हणून जशी हाक मारायची तसंच लिहिते. काल दीपालीनं तुमच्या डोक्याच्या स्कॅनची सीडी लॅपटॉपवर उघडली. त्यातून जे कळलं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

नागपूरचं ते मशीन आठवतं ना? आत सरकवण्याआधी टेक्निशियन म्हणाला, "चाचाजी, हिलना मत. समझ गए ना?" आणि तुम्ही मान हलवली! आत गेल्यावरही त्यानं माइकवरून "सब ठीक?" विचारलं, की तुम्ही मानेनंच हो म्हणत राहिलात. तो वैतागून बाहेर आला, "मैं पूछता हूँ, ये मुंडी हिलाते हैं!" मला हसू आलं. तुम्ही नाही हसलात.

सवयच होती तुमची. गावी दवनीवाड्यात भाताच्या बांधीवरून कोणी हाक दिली तरी उत्तर मानेनंच. मला पाहायला आलात तेव्हाही नुसती मान हलवलीत. माझे बाबा माझ्या मामाला विचारत होते, "हा पोरगा हो म्हणते का नाही म्हणते?"

डॉक्टर म्हणाले, चित्रं हलली आहेत, पुन्हा काढू. त्या दिवसापासून घरात तुमची मान ताठ. चहा पाहिजे का विचारलं तर समोर बघून "पाहिजे" म्हणायचात. मला वाटलं मान दुखते. एकदा जेवताना विचारलंच, तर म्हणालात, "सवय मोडून राहिलो. माह्यानंच बिघडलं ना ते? पुढच्या वेळी हलाचं नाही."

पुढची वेळ आलीच नाही. आणि शेवटपर्यंत तुम्ही तसेच बसून राहिलात. कायले हो?

दीपाली आता असल्याच चित्रांचं काम करते. मेंदूतलं पाणी कोणत्या दिशेनं सरकतं, ते मशीन वेगवेगळ्या दिशांनी मोजतं आणि त्यावरून नसांच्या वाटा काढतात. बांधीतलं पाणी कुठं वाहतं ते पाहून पाट ओळखावा, तसं. मध्येच डोकं कललं, तर संगणक ते चित्र फिरवून सरळ करतो. पण तेवढं पुरत नाही. चित्र जेवढं फिरवलं, तेवढीच मोजणीची दिशाही फिरवावी लागते.

मी पुन्हा पुन्हा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आई, शेताचा नकाशा फिरवला आणि उत्तरेचा बाण तसाच ठेवला, तर काय होईल?"

"सगळ्या वाटा चुकतील."

"तेच. फार हललेली चित्रं टाकावी लागतात. पण बाबांची बरीचशी सुधारली."

"मग बाबांचा दोष काय होता?"

"दोष कसला? माणसाचं डोकं हलतंच. म्हणून तर मला पगार मिळतो!"

ती हेही म्हणाली, की तेव्हा सुधारलं असतं तरी आजार तोच निघाला असता. असू दे. आजाराचं मी म्हणत नाही. पण त्या शेवटच्या दिवसांत तुम्ही मोकळेपणी मान तरी हलवली असती! दोष तुमचा नाही, एवढं सांगणारं तेव्हा कोणी भेटलं नाही, याचंच मला वाईट वाटतं. तुम्हीही इतके मुके कसे हो? मनात काय धरून बसलात, ते मी विचारण्याआधी रोज शेजारी बसणाऱ्या बाईला सांगता येत नव्हतं?

दीपालीला तुमची चित्रं नाव काढून विद्यार्थ्यांना शिकवायला वापरायची आहेत. मी हो म्हटलं, पण अट घातली. "पेशंट हलला" एवढंच सांगून ती पुढं जाणार नाही. पेशंटला कोणी काही विचारत होतं आणि तो उत्तर देत होता, हेही सांगेल. ती विसरली, तर इथून, फुलचूरहून, गाडी धरून मी तिच्या वर्गात जाईन आणि स्वतः सांगेन. हे माझं वचन.

तुमचीच,
दीपालीची आई