खिडकीखालच्या वाफ्याला पाणी नको

बाबा,

नळाला हात लावण्याआधी हे वाचा. मी कामासाठी बाहेरगावी चाललेय, रविवारी येईन. तोवर खिडकीखालच्या वाफ्याला थेंबभरही पाणी घालायचं नाही. ती माळावरची रानफुलं आहेत, कोरड्यात वाढणारी. मागची सगळी रोपं तुम्ही सकाळ-संध्याकाळ पाणी घालून कुजवलीत आणि वर मलाच विचारलंत, "खत कमी पडलं का गं?" डोकंच फिरलं होतं माझं.

दुपारी रोपं माना टाकतील. टाकू देत. ऊन कललं की आपली आपण उठतात. खताची पिशवी शेजारच्या काकूंकडे ठेवलीय, शोधत बसू नका. हात शिवशिवले तर खुर्ची टाकून बसा आणि मधमाश्या येतात का बघा. पहिलं फूल आलंय.

आणि आता स्पष्टच लिहिते. रोपं तुमच्या हयगयीने मेली नाहीत. आईही तुमच्या हयगयीने गेली नाही. डॉक्टरांनी सांगितलं, मी सांगितलं. समोर बोलायला गेले की तुम्ही उठून झारी भरायला जाता, म्हणून चिठ्ठी नळालाच बांधलीय.

जेवण फ्रिजमध्ये आहे, गरम करून खा. मधमाशी दिसली तर फोन करा.