मार्डेलचं गोधडी मंडळ

आदरणीय ऑर्विलदादा यांस,

वेंडेलचा डाव्या हाताने लिहिलेला नमस्कार (उजव्या हाताला पट्टी आहे, का ते पुढे येईलच). तुमची पाठ कशी आहे? आयडाहोत यंदा बर्फ फार पडलं असं ऐकलं. चेरीच्या झाडांना काही झालं नसेल अशी आशा आहे. थंडीत शिडीवर चढू नका. आमच्याकडे फेब्रुवारी असूनही दुपारी सदरा चिकटतो, डोंगर हिरवे झालेत, आणि माझी प्रकृती देवाच्या कृपेने उत्तम आहे, म्हणजे बुधवारी सकाळी अकरापर्यंत होती.

दादा, तुम्ही मार्डेलचे थोरले भाऊ. तुमचे आईवडील गेल्यानंतर तिला दोन शब्द सुनावण्याचा अधिकार पृथ्वीवर फक्त तुम्हाला उरलाय, म्हणून हे पत्र. गेले चार दिवस मी तिच्याशी बोललेलो नाही. (तिच्या लक्षात आलंय की नाही, सांगता येत नाही.) तुम्ही खुर्चीत नीट टेकून बसा आणि मगच पुढे वाचा.

मी अकरा वर्षं दर शनिवारी कॉर्डेरो तलावावर जातो हे तुम्हाला ठाऊक आहे. का जातो तेही मी तुम्हाला प्रत्येक नाताळात सांगितलंय, पण तुम्ही तेव्हा बटाटे वाढून घेत असता, म्हणून थोडक्यात परत सांगतो. आमच्या तलावात हिवाळ्यात सरकारी ट्रक येऊन ट्राउट मासे सोडतो, लोकांनी पकडावेत म्हणून. तिथले म्हातारे बास मासे लोकांची वाट बघत बसत नाहीत. एकेक ट्राउट सबंध गिळतात आणि कलिंगडासारखे फुगतात. असा मासा किड्यामुंगीने फसत नाही. त्याला दहा इंची ट्राउटच दाखवावा लागतो, म्हणून आम्ही लाकडाचे आणि रबराचे ट्राउट वापरतो. त्यातला ग्लाइड म्हणजे लाकडाचे दोन तुकडे मधे बिजागरीने जोडलेले. सावकाश ओढला की डावीकडे जातो, उजवीकडे जातो, पुन्हा डावीकडे, एखादा माणूस जेवून शतपावली करत असावा तसा. त्याच्या मागून बास येतो. मोटारीच्या चाकाएवढं तोंड घेऊन होडीपर्यंत येतो, आमिषाकडे बघतो, मग तुमच्याकडे बघतो, आणि वळून निघून जातो. आमच्या खेळात हे वळून जाणं म्हणजेच बहुतेक सगळा खेळ. वर्षाला दोनदा मासा लागला तरी आम्ही त्या वर्षाला चांगलं म्हणतो. दहा पौंडांच्या वरचा ज्याने काढला तो आमच्यात माणूस, बाकीचे सगळे होतकरू. माझा सगळ्यात मोठा नऊ पौंड चौदा औंस. अकरा वर्षांत. दोन औंस कमी, दादा. त्या माशाने त्या दिवशी एक बेडूक जास्त खाल्ला असता तर माझं आयुष्य वेगळं झालं असतं.

तर सोमवारी ट्राउटच्या ट्रकचा ड्रायव्हर आमच्या बस डेपोशेजारी डिझेल भरत होता, त्याच्याकडून कळलं की या आठवड्यात गुरुवारऐवजी बुधवारी मासे सोडणार. मी आयुष्यात कधी कामाला दांडी मारलेली नाही (तुमच्या धाकट्या भावाच्या लग्नाला मारली होती, ते धरत नाही). बुधवारी पहाटे मी फोरमनला फोन करून दाढ काढायची आहे म्हणून सांगितलं आणि कामाचेच कपडे घालून नेहमीच्या वेळेला घरातून निघालो. मार्डेल कॉफी करत होती. आज काय काम आहे असं तिने विचारलं, मी शाळेच्या चौदा नंबरच्या बसचे ब्रेक सांगितले. तिने डब्यात सँडविच घालून दिलं. तिचा बुधवार ठरलेला असतो, तीन वर्षं झाली. विनोना, ती निवृत्त नर्स, सात वाजता तिला घ्यायला येते आणि मग बायकांचं गोधड्या शिवायचं मंडळ असतं. नवऱ्याला न सांगता बायको कुठे जात असेल अशी शंकाही मला कधी आली नाही. उलट मीच तिच्याशी खोटं बोलतोय म्हणून तलावापर्यंत मी सँडविचच्या डब्याकडे बघितलं नाही.

धक्क्यावर ऑरेलिओ असतो, होड्या भाड्याने देतो. अकरा वर्षांची ओळख. मला बघून त्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं माझ्या मागे कुणी तरी उभं आहे. वारा सुटणार आहे म्हणाला. पान हलत नव्हतं. मग होड्या शिल्लक नाहीत म्हणाला. त्याच्या मागे अकरा होड्या बांधलेल्या होत्या. शेवटी पावती त्याने दुकानाबाहेर पायरीवर बसून फाडली, आत नुकता रंग दिलाय म्हणे, आणि तीन-तीनदा बजावलं की मासा आज पश्चिमेच्या खाडीत आहे, पूर्वेला फिरकायचं नाही. मला त्याचा जिव्हाळाच वाटला. पश्चिमेच्या खाडीत साडेतीन तास एका बदकाखेरीज कुणी माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. ट्रक पूर्वेच्या उतारावर लागला, मासे पाण्यात पडल्याचा आवाज इथवर आला, तेव्हा मी जिव्हाळा बाजूला ठेवला आणि होडी वळवली.

पूर्वेच्या टोकापाशी आधीच एक होडी होती. दोन माणसं, मोठ्या टोप्या, उन्हासाठी तोंडाला फडकी. सुकाणूवर एक, पुढे उभं एक. पुढच्याने ग्लाइड टाकला आणि दादा, मी इंजिन बंद केलं. अर्धा शेर वजनाचं लाकूड साठ यार्डांवर बशी टेबलावर ठेवावी तसं ठेवलं. पाणी उडालंच नाही. मनात म्हटलं, हा कोण उस्ताद आलाय. (हो, 'हा' असंच म्हटलं.) मीही टाकला. तिसऱ्या खेपेला माझ्या ग्लाइडच्या मागे एक सावली निघाली. आधी वाटलं बुडालेलं लाकूड आहे, मग लाकडाला डोळा दिसला. असा मासा मी अकरा वर्षांत पाहिला नव्हता. तो होडीपर्यंत आला आणि माझे हात थांबले. थांबवले नाहीत, थांबले. ग्लाइड जागच्या जागी मेला, माशाने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि वळून त्या दुसऱ्या होडीच्या दिशेने सावकाश निघून गेला. तिथे त्या उस्तादाने गळाच्या काठीवरच्या रिळाचं हँडल नुसतं अर्धा फेरा झटकलं. लाकडाचा ट्राउट गर्रकन उलटा फिरला आणि माशाच्या तोंडाला तोंड देऊन उभा राहिला. पुढचं मी सांगत नाही. एखादा आंघोळीचा टब वरून खाली पडावा असा आवाज झाला.

माणुसकी म्हणून मी जाळं घेऊन होडी शेजारी आणली आणि मला जेवढं ज्ञान आहे ते सगळं ओरडून सांगू लागलो. काठी खाली धर, दोरी सैल सोडू नकोस, खडकाकडे जाऊ देऊ नकोस. त्यावर फडक्याच्या आतून, मान न वळवता, मी एकतीस वर्षं रोज ऐकतो तो आवाज आला.

"वेंडेल, गप्प बस आणि जाळं धर."

मी धरलं. त्या क्षणी मला जाळं म्हणजे काय, आपण कुठे आहोत, आपलं नाव काय, यातलं काहीही सांगता आलं नसतं, पण हाताने आपणहून धरलं. मासा जाळ्यात आला, मी त्याला उचलायला हात घातला, त्याने शेपटी मारली आणि ग्लाइडचा मोकळा तीन काट्यांचा गळ माझ्या तळव्यात घुसला. म्हणजे आता एका लाकडाच्या एका टोकाला मासा, दुसऱ्या टोकाला मी. तुमच्या बहिणीने आधी कुणाला सोडवलं असेल? पक्कड घेऊन तिने माशाचा गळ हळुवार काढला, त्याला वजनकाट्याला टांगलं, चौदा पौंड सहा औंस, विनोनाने फोटो काढला (त्यात एका कोपऱ्यात माझा हात आणि त्याला लोंबणारा ट्राउट आलाय), मग माशाचं तोंड पाण्यात धरून तो श्वास घेऊन निघून जाईपर्यंत ती त्याच्याशी बोलत बसली. त्यानंतर माझी पाळी. विनोनाने दोरीचा फास गळाला टाकून एका झटक्यात तो उपसला. तोवर मार्डेलने फडकं खाली केलं होतं.

खरं म्हणजे प्रश्न मी विचारायला हवे होते, पण विचारले तिनेच. कामावर का गेला नाहीस? मी म्हटलं, दाढ. कुठली दाढ, म्हणाली. मला दाढ ठरवता येईना.

धक्क्यावर आलो तेव्हा ऑरेलिओ दुकानाच्या दारात हात पसरून उभा होता, पण मार्डेलने मान हलवली आणि तो बाजूला झाला. आत रंगबिंग काही दिला नव्हता. जिथे मी तीन वर्षं एक मोठं कॅलेंडर बघत आलो, तिथे कॅलेंडर नव्हतं. पाच फोटो होते. अकरा पौंड, बारा पौंड दोन औंस, दहा, तेरा, पुन्हा अकरा. पाचही फोटोंत माझी बायको. दर शनिवारी सकाळी मी यायच्या आत ऑरेलिओ त्यांच्यावर कॅलेंडर लावतो, दादा, आणि मी गेलो की काढतो. लायल माझा जिवाभावाचा मित्र, दर शनिवारी माझ्याच होडीत बसतो, माझंच सँडविच खातो. दोनदा कॅलेंडर वाकडं लागलं होतं ते त्याने माझ्यासमोर सरळ केल्याचं मला आता आठवतं.

परतताना माझ्या गाडीत (हाताला पट्टी, म्हणून चालवत तीच होती) मी तिला एकच विचारलं, मला का सांगितलं नाहीस. मग म्हणाली की अकरा वर्षं मी जेवणाच्या टेबलावर जे सांगत होतो ते ती ऐकत होती, आणि तीन वर्षांपूर्वी नुसतं करून बघावं म्हणून विनोनाला घेऊन गेली. तिसऱ्या खेपेला अकरा पौंडांचा लागला. ती धावत घरी आली, मला सांगायला.

"तू स्वयंपाकघरात बसला होतास," ती म्हणाली. "नऊ पौंड चौदाचा फोटो हातात होता. आपल्याला हे कधी जमणारच नाही, असं म्हणालास आणि तुझे डोळे भरले. मग कसं सांगू? पुढच्या बुधवारी सांगू म्हटलं. पुढच्या बुधवारी बारा पौंडांचा लागला."

ती पुढे म्हणाली, मी सांगतो ते सगळं बरोबर असतं, तिने एक अक्षर दुसरीकडून शिकलेलं नाही. फक्त मासा मागे आला की हात थांबू द्यायचे नाहीत हे मी तिला शंभरदा सांगितलं आणि स्वतः एकदाही केलं नाही.

आता तुम्हीच सांगा, हा अपमान आहे की काय आहे, मला ठरवता येत नाही. तीन वर्षांत घरात एक गोधडी आलेली नाही आणि एक गोधडी दाखव असं मी एकदाही म्हटलेलं नाही, हेही तिने सांगितलं. तरीही तुम्ही थोरले या नात्याने तिला कडक पत्र लिहावं. माझ्यापुरतं म्हणाल तर मी मासेमारी सोडली. काठ्या गॅरेजच्या माळ्यावर टाकल्यात.

तुमचा मेहुणा,
वेंडेल

ता. क. – कडक पत्र लिहू नका. सौम्यही नको.

ता. क. २ – खरं काम राहिलं. विनोनाच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या सोमवारी आहे. सहा आठवडे सुकाणूवर माणूस लागणार. मी माझ्या तोंडाने विचारू शकत नाही, आमचं बोलणं बंद आहे. तुम्ही सहज म्हणून, जणू तुमच्याच डोक्यातून आलं, वेंडेल कसा आहे असं तिला सुचवावं. मी होडीत बोलणार नाही, जाळं धरेन. डेपोत मी सहा बुधवार रजा टाकून ठेवलीय.

ता. क. ३ – पाकीट चिकटवणार तेवढ्यात मार्डेलने पत्र कुणाला म्हणून विचारलं. सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, ऑर्विलला कशाला कळवतोस, तिचं रीळ तुम्हीच पाठवलंय, पहिल्या माशाच्या आठवड्यात. म्हणजे तीन नाताळ तुम्ही माझ्या शेजारी बसून मला नऊ पौंड चौदा औंसांची गोष्ट सांगायला लावलीत आणि बटाटे वाढून घेत राहिलात. वर 'आदरणीय' लिहिलंय ते खोडलेलं समजावं. सुचवायचं तेवढं मात्र आजच फोन करून सुचवा. सुकाणूच्या जागेसाठी तिला लायलनेही विचारलंय.